गाव नंतर ठरवा, आधी पुळण आणि तिथी बघा

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: "जानेवारीच्या शेवटी तीन रात्री समुद्रावर जायचंय. आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि माझे आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात, बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. गाडी स्वतःची, सात सीटची. काशीद, दिवेआगर, गणपतीपुळे आणि तारकर्ली अशी चार नावं काढली आहेत. फोटोत चारही सुंदर दिसतात. यातलं कोणतं निवडू?"

मी गेली एकोणीस वर्षं ठाण्याहून कोकणात घरगुती सहली नेते. नौपाड्यातल्या चार शेजारणींपासून सुरुवात झाली, आता वर्षाला पंधरा-वीस कुटुंबं माझ्याबरोबर येतात. त्या अनुभवावरून सांगते. तुमच्या चारही गावांत सुंदर समुद्र आहे, त्यामुळे सौंदर्यावर निवड करायला गेलात तर काहीच ठरणार नाही. तुमची खरी अडचण वेगळी आहे. तुमच्या घरात तीन वर्षांपासून सत्तरीपर्यंतची सहा माणसं आहेत आणि त्या सगळ्यांना रोज संध्याकाळी पाच ते सात या वेळात एकत्र वाळूवर बसता आलं पाहिजे. मुलांना पाण्यात पाय घालता यावेत, आईंना खुर्चीशिवाय तिथपर्यंत पोचता यावं आणि तुम्हा दोघांना सारखं कुणाच्या तरी मागे धावावं लागू नये. एवढं जमलं तर सहल जमली.

तेव्हा मी गावाचं नाव सोडून आधी तीन गोष्टी बघते: पुळणीचा (वाळूच्या किनाऱ्याचा) उतार, खोलीपासून वाळूपर्यंतची वाट आणि त्या दिवसांतली भरतीची वेळ. चौथी गोष्ट प्रवासाची, ती शेवटी.

उतारापासून सुरू करू, कारण जिवाचा प्रश्न तिथे आहे. कोकणातल्या काही पुळणी ताटासारख्या सपाट आहेत. पाण्यात पन्नास पावलं गेलं तरी मोठ्या माणसाच्या मांडीपर्यंतच पाणी येतं. लाट लांबवर फुटते आणि किनाऱ्याला येईपर्यंत तिचा नुसता फेस उरतो. काही पुळणी उतरत्या आहेत. तिथे लाट अगदी पायाशी येऊन फुटते, परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि चार पावलांवर तळ लागत नाही. कोळी बांधव म्हणतात "पाण्याला ओढ आहे", ती हीच. काशीद दिसायला देखणं आहे, पण मी तीन वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे पाण्यात उतरणार नाही. गणपतीपुळ्यालाही नाही. देवळासमोरचा तो समुद्र फसवा आहे, तिथे बुडण्याच्या दुर्घटना झालेल्या आहेत आणि पाण्यात जाऊ नका असे फलकही लावलेले असतात. गणपतीपुळ्याला दर्शनाला जरूर जा, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक बघा, आरे-वारेच्या रस्त्याने गाडी हळू चालवा. पण "मुलांना समुद्रात खेळायचंय" हे तुमचं मुख्य कारण असेल, तर ते गाव या वेळचं नाही.

दिवेआगर, दापोलीकडचं मुरुड आणि कर्दे, तिकडे उत्तरेला बोर्डी या सपाट पुळणी. बोर्डीला तर ओहोटीच्या वेळी पाणी इतकं मागे जातं की ते बघायलाही चालत जावं लागतं. याचं कारण आहे. भरती-ओहोटीतला फरक डहाणू-मुंबईकडे जास्त असतो आणि रत्नागिरी-मालवणकडे कमी होत जातो. त्यामुळे भरतीच्या वेळेचा हिशोब उत्तरेला फार महत्त्वाचा, तळकोकणात तितका नाही.

पुळण सपाट असली तरी एक जागा कायम टाळायची: जिथे खाडी किंवा नदी समुद्राला मिळते ते टोक. रेवदंडा असो, आंजर्ले असो, नाहीतर तारकर्लीच्या पुढचा देवबागचा संगम असो. पाणी तिथे शांत दिसतं म्हणून आईवडील मुलांना सोडतात, पण आत प्रवाह असतो. तिथे होडीत बसा, फोटो काढा, डुंबायला मात्र मधल्या पुळणीवर या.

आता वाट. यात मी एकदा फार मोठी चूक केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. बरीच वर्षं झाली, एका ठिकाणी "समुद्राभिमुख खोल्या" बघून मी पाच कुटुंबांचं आरक्षण केलं. खोल्यांतून समुद्र दिसत होता हे खरं, पण त्या टेकाडावर होत्या. खाली वाळूवर उतरायला जांभ्या दगडाची पाखाडी, मी मोजल्या त्या चौऱ्याऐंशी पायऱ्या, मध्ये कठडा नाही. आमच्यात एक आजी होत्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. पहिल्या संध्याकाळी त्यांना दोघांनी धरून खाली नेलं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुम्ही जा गं, मी इथनंच बघते." तीन दिवस त्या गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून खाली खेळणाऱ्या नातवंडांकडे बघत होत्या. ते चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून समुद्र खोलीतून दिसतो का, हे मी विचारतच नाही. समुद्र दिसला नाही तरी चालेल, सपाट वाटेने तिथे पोचता आलं पाहिजे.

तुमच्या आईंचा अंदाज घरीच घ्या. तलावपाळीला, म्हणजे आपल्या ठाण्यातल्या तळ्याभोवती, त्या एक पूर्ण फेरी न थांबता मारू शकतात का? मारू शकत असतील तर पाच-सात मिनिटांची सपाट वाट चालेल. मध्ये दोनदा बसावं लागत असेल, तर वाळूपर्यंत गाडी किंवा रिक्षा जाते असंच घर हवं. आणि हे फोटोवरून कळत नाही, फोन करावाच लागतो. मी अजून प्रत्येक नव्या घराला स्वतः फोन करते. दिवेआगरच्या एका काकूंशी झालेलं बोलणं आठवतंय तसं देते.

"काकू, तुमच्या अंगणातून पुळणीपर्यंत किती वेळ?"
"दहा मिनिटं धरा ताई. वाडीतनं गेलात तर आणखी लवकर, पण मध्ये पाटाचं पाणी असतं."
"म्हाताऱ्या माणसाला जमेल?"
"आजींना वाडीतनं नको. रस्त्याने या म्हणावं, सरळ आहे. आणि त्यांना खालचीच खोली देते, पण दोन दिवस आधी नक्की करा, वरच्या दोन आधी जातात असं नाही हो, खालचीच आधी जाते."

शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आजी-आजोबा सगळ्याच घरांत आहेत, त्यामुळे तळमजल्याची खोली सगळ्यांत आधी भरते. त्याच फोनवर आणखी दोन-तीन गोष्टी विचारून घ्या: कमोड आहे का, संडास-बाथरूम खोलीला लागून आहे की अंगणात, लाईट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का. आईंना रात्री उठावं लागत असेल तर अंगणातला संडास नकोच.

तिसरी गोष्ट भरतीची. याकडे शहरातली माणसं अजिबात बघत नाहीत आणि मग "संध्याकाळी बीचच नव्हता हो" म्हणून हिरमुसतात. किनाऱ्यावरच्या लोकांचा एक साधा हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. घरच्या कालनिर्णयात तुमच्या तारखेची तिथी बघा. शुद्ध असो वा वद्य, पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती, तशीच पहाटेही. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी हेच सगळं पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुढे सरकतं. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास भरती. म्हणजे संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहल ठरवायला पुरेसा आहे. नेमकी वेळ हवी असेल तर भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं.

आता याचा तुम्हाला उपयोग असा. जानेवारीच्या शेवटी सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. तुमच्या दिवसांत अष्टमी येत असेल, तर भरती बरोबर संध्याकाळी सहाला. पाणी सुरूच्या झाडांकडे सरकलेलं, मुलांना खेळायला वाळूची चिंचोळी पट्टी. अष्टमीला भांगाची भरती असते, म्हणजे पाणी उधाणाइतकं, पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीइतकं, चढत नाही, त्यामुळे दिवेआगरसारख्या रुंद पुळणीवर तेव्हाही बसायला जागा उरते. पण अरुंद किनारा निवडलात तर संध्याकाळ गेली. याउलट द्वादशीपासून पौर्णिमा किंवा अमावास्या ओलांडून द्वितीयेपर्यंतचे दिवस मिळाले, तर संध्याकाळी पुळण मैदानासारखी मोकळी असते. मी स्वतः लहान मुलांच्या सहली शक्यतो याच दिवसांत धरते.

मात्र यात एक सावधगिरी आहे आणि ती मी दर सहलीत सगळ्यांना उभं करून सांगते. उधाणाच्या दिवसांत पाणी जितकं चढतं तितक्याच जोरात उतरतं. ओहोटी लागलेली असताना खोल पाण्यात जायचं नाही, मग तुम्ही ठाण्याच्या तरणतलावात कितीही लांब पोहत असा. डुंबायचं ते भरती चढत असताना, कमरेच्या आत, जीवरक्षक किंवा गावकरी जिथे सांगतील तिथे. ओहोटीची संध्याकाळ ही ओल्या वाळूवर खेळायची वेळ.

आणि ओली वाळू मुलांना पाण्यापेक्षा जास्त वेळ धरून ठेवते, हे मी शेकडो मुलांमध्ये पाहिलंय. तुमच्या मुलीला एक गोष्ट नक्की दाखवा. पाणी मागे गेलं की वाळूवर मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी दिसते, मधोमध एक भोक आणि भोवती किरणांसारख्या ओळी. जरा दूर, न हलता उकिडवं बसायचं. दोन मिनिटांत भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर येतो, चिमट्यांनी वाळू तोंडाशी नेतो, त्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. तुम्ही हललात की गडप. पुढच्या भरतीला सगळी रांगोळी पुसली जाते आणि नंतरच्या ओहोटीला तो पुन्हा पहिल्यापासून काढतो. आठ वर्षांची मुलगी यात अर्धा तास रमते.

आता प्रवास, म्हणजे तुमच्या यादीतल्या तारकर्लीबद्दल. मालवण-तारकर्ली मला मनापासून आवडतं. पण घोडबंदरहून गाडीने ते जवळजवळ पाचशे किलोमीटर आहे. तीन रात्रींच्या सहलीत जाण्यात एक दिवस, येण्यात एक दिवस, मध्ये उरले दोन, आणि त्यातला पहिला आईंचे पाय मोकळे होण्यात जाणार. तारकर्ली करायची तर पाच दिवस काढा आणि रेल्वेने जा. कोकणकन्या आणि तुतारी या रात्रीच्या गाड्या ठाण्याला थांबतात, सकाळी कुडाळला उतरवतात, तिथून मालवण साधारण तासाभरावर. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी १२० दिवस होते) आणि सुट्टीच्या तारखांचं पहिल्याच दिवशी भरतं. आईंना खालचा बर्थ मिळाला तर हा सगळ्यांत आरामाचा प्रवास आहे. या वेळी नाही, मेच्या आधी कधीतरी करा.

तेव्हा तुमच्यासाठी माझं उत्तर दिवेआगर. ठाण्याहून अंतर १७० किलोमीटरच्या आसपास, मुलं बरोबर असताना पाच-साडेपाच तास धरा. पुळण सपाट आणि रुंद. गाव नारळी-पोफळीच्या वाड्यांत वसलेलं, त्यामुळे दुपारीही सावली. तालुक्याचं गाव श्रीवर्धन जवळ, तिथे सरकारी रुग्णालय आणि औषधांची दुकानं आहेत, बाबांच्या दृष्टीने हे मला महत्त्वाचं वाटतं. सुवर्णगणेशाचं देऊळ आहे. १९९७ मध्ये इथल्या एका वाडीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये तो दरोड्यात गेला आणि २०२१ मध्ये नव्याने स्थापना झाली. गावकरी ही हकीकत अजून कळवळून सांगतात. आई-बाबांना ती त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.

वाडीतून चालताना कुठे कुठे आभाळ एकदम मोकळं दिसेल. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातल्या हजारो सुपाऱ्या आणि माड आडवे झाले. सुपारीचं झाड लावल्यावर उत्पन्न यायला काही वर्षं जातात, म्हणजे त्या एका दिवसाने इथल्या घरांची कितीतरी वर्षांची कमाई नेली. तेव्हापासून मी माझ्या लोकांना आवर्जून सांगते: सुपारी, कोकम, आगळ, आंबोशी जे काही घ्यायचं ते राहत्या घरातूनच घ्या. भाव करू नका.

एकच अट आहे. २६ जानेवारीला जोडून शनिवार-रविवार येत असेल, तर त्या तीन दिवसांत दिवेआगरला जाऊ नका. पुण्याची मंडळी ताम्हिणी घाटाने उतरतात, आपण पनवेलकडून येतो आणि सगळे माणगावच्या चौकात भेटतात. पुळणीवर घोडागाड्या, चार चाकांच्या मोटारसायकली, वाळूत रुतलेल्या गाड्या, आणि तीन वर्षांच्या मुलाचा हात सोडायची सोय नाही. मुलीची तीन-चार दिवस शाळा बुडवता येत असेल तर सोमवार ते गुरुवार जा. तेच गाव तुम्हाला ओळखू येणार नाही. बुडवता येत नसेलच, तर गर्दीच्या दिवसांत मुख्य वाटेने पुळणीवर उतरून दहा मिनिटं एका बाजूला चालत जा. बहुतेक माणसं गाडी जिथे लागते त्याच्या शंभर पावलांतच थांबतात.

निघायचं पहाटे पाचला. त्याहून उशीर झाला तर ठाणे-बेलापूर रस्त्यापासूनच रांग सुरू. कळंबोली, पळस्पे फाटा, पेणला नाश्ता, वडखळ, कोलाड, इंदापूर, माणगाव, मग म्हसळ्याकडे उजवीकडे वळायचं. अटल सेतू झाल्यापासून बरेच जण विचारतात, पण घोडबंदरच्या माणसाला त्याचा फायदा नाही. शिवडीपर्यंत उलटं कशाला जायचं? माणगावपासून पुढचा रस्ता वळणावळणाचा आहे. मुलाला गाडी लागत असेल तर पेणचा नाश्ता हलका ठेवा आणि माणगावला पाच मिनिटं खाली उतरवून फिरवा.

जेवणाचं एवढंच सांगते की घरगुती ठिकाणी हॉटेलसारखं आयत्या वेळी मागता येत नाही. दुपारचं जेवण सकाळी नाश्त्यालाच सांगायचं, उकडीचे मोदक आदल्या दिवशी. दिवेआगरात बरीच घरं शुद्ध शाकाहारी आहेत, तिथे मासे मिळणार नाहीत आणि बाहेरून आणून खाल्लेलेही चालणार नाहीत. घरात कोण काय खातं, कुणाचा सोमवार, कुणाची चतुर्थी, हे लक्षात घेऊन घर निवडा. मासेवाल्यांसाठी जानेवारी चांगला महिना आहे.

मधल्या दोन दिवसांत फार ठिकाणं कोंबू नका. एक सकाळ शेखाडीच्या रस्त्याने श्रीवर्धनला जा. तो रस्ता जवळजवळ समुद्राच्या कडेने जातो, बाबांना पुढच्या सीटवर बसवा. श्रीवर्धन भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं गाव. पुढे हरिहरेश्वरला दर्शन घ्या, पण तिथली समुद्राकाठची प्रदक्षिणा तुम्ही करू नका. पायऱ्या अरुंद आहेत, खडक निसरडे आहेत आणि त्या कातळावरून लाटेने माणसं ओढून नेलेली आहेत. जंजिराही या वेळी सोडा. राजपुरीहून शिडाच्या होडीने जाणं मजेचं असतं, पण किल्ल्याच्या दाराशी हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकावा लागतो आणि दुखऱ्या गुडघ्यांना ते जमत नाही.

समजा दिवेआगरला तळमजल्याची खोली मिळालीच नाही, तर दुसरी निवड दोन प्रकारे करा. चार रात्री मिळाल्या तर दापोलीकडचं कर्दे किंवा मुरुड, हर्णैचा मासळीचा लिलाव मुलांना दाखवता येईल. दोनच रात्री उरल्या तर सरळ बोर्डी. घोडबंदरहून तुम्हाला ते सोयीचंच आहे, खाली पनवेलकडे जायलाही नको. वाळू काळपट आहे, पाणी निळं नाही, फोटो तितके छान येणार नाहीत. पण चिकूच्या वाड्या आहेत, पुळण सपाट आहे आणि सुरूच्या सावलीत आईंना दिवसभर बसता येईल. आम्ही शाळेत होतो तेव्हा डहाणू-बोर्डी आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ ला पालघर वेगळा झाला. मला ते अजून घरचंच वाटतं.

परतीच्या दिवशी नाश्ता करून नऊला निघालात तर दुपारी तीनच्या आत घरी. तुम्हा दोघांना आवराआवर करायचीच असेल, तेवढ्या वेळात बाबांना सांगा, आईंना घेऊन सातला पुळणीवर एक तास जाऊन या. मुलांना उठवू नका.